तोआलुआ

हरिबा कोळपे यांना कुणी विचारलं, "आबा, मेंढरं किती?" तर ते म्हणायचे, "हायती की." आणखी खोदून विचारलं तर म्हणायचे, "देवाच्या दयेनं हायती." तिसऱ्यांदा विचारणाऱ्याशी ते बोलतच नसत. जनावरांची गणती करायला सरकारकडून एक बाई आल्या होत्या. त्यांना हरिबांनी चहा पाजला, घरच्या शेंगा बांधून दिल्या, पण आकडा काही दिला नाही. बाईंनी शेवटी लांबूनच अंदाज बांधला आणि गेल्या.

जितराब मोजलं की घटतं, ही त्या घरची जुनी धास्ती. धान्य मोजतानासुद्धा पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मेंढरांना तर तेवढंही नाही. आता हे खरं की खोटं, हा वाद घालायला आपण कोण? म्हाताऱ्याचा मान राखू, आणि त्यांच्या मेंढरांचा आकडा इथंही मराठीत लिहायचा नाही, एवढं ठरवून पुढं जाऊ.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर, वेळ नदीच्या अंगाला कोळप्यांची वस्ती आहे. तरुणपणी हरिबा आणि त्यांची बायको रंगुबाई दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून घाट उतरत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. पुढं कालव्याचं पाणी आलं, माळाचा ऊस झाला, चरायला उरले ते बांध. कळप उतरत गेला. पण एक रीत काही मोडली नाही. दिवस मावळायच्या आत हरिबा मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे राहत, मेंढरं एकेक करून त्यांच्या हाताखालून आत जात, आणि सगळ्यात शेवटी, रेंगाळलेल्यांना हाकत, रंगुबाई आत येई. ती आली की फाटक लागे. मोजायची गरजच नव्हती. रंगुबाई आत आली म्हणजे मागं कुणी उरलं नाही, हीच त्यांची मोजणी.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत रंगुबाईला गाडीत घालून शिरूरला नेलं, ती परत आलीच नाही. ना तोंड पाहायला मिळालं, ना खांदा देता आला. हरिबा रडले नाहीत. त्या दिवशीही मेंढरं आत घेतली आणि मग फाटक धरून अंधार पडेपर्यंत उभे राहिले. मुलानं, बिरदेवनं, हाताला धरून घरात आणलं तेव्हा एवढंच म्हणाले, "फाटक कवा लावायचं, ते कळंना."

त्यानंतर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. हरिबांना उजेड दिसायचा, हललेलं कळायचं, एवढंच. आणि त्या भागात तर उसाउसात बिबट्या. गेल्या वर्षी एक कोकरू बाहेर राहिलं ते म्हाताऱ्याला कळलं नाही. सकाळी उसाच्या कडेला लोकरीचा पुंजका सापडला. बिरदेव शिक्रापूरच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. दमून आलेला, वैतागलेला. पण मनानं वाईट नव्हता. तो म्हणाला, "आबा, आता लई झालं. मेंढरांच्या मागं तुम्हीच एक दिवस बाहेर ऱ्हाल आन् बिबट्या तुम्हालाच न्हील. आजून एक जरी गेलं, तर यवतच्या व्यापाऱ्याला बोलावतो आन् सगळी इकून टाकतो."

हरिबांच्या मनात आलं, डोळे गेले, बायको गेली, आता हाताखालची लोकरही जाणार. तेवढी गेली की मग खाटेवर पडून पंख्याचा आवाज ऐकायचा, दुसरं काय?

बिरदेवची मुलगी अंकिता त्या वेळी घरीच असायची. शिक्षण झालं होतं, नोकरीचा पत्ता नव्हता, म्हणून तिनं एका कंपनीचं घरबसल्या काम धरलं होतं. परक्या देशांतल्या लोकांनी म्हटलेले आकडे ऐकायचे आणि ते बरोबर आहेत का ते तपासायचे. यंत्राला बोलणं शिकवतात, त्यातलं हे काम. त्या दिवसांत तिच्या वाट्याला सामोआची भाषा आली होती. सामोआ म्हणजे महासागरातली बेटं, पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला. आधी ती भाषा शिकणं आलं, म्हणून पोरगी ओट्यावर बसून पाठ करायची. तासी, लुआ, तोलू, फा, लिमा. ओनो, फितू, वालू, इवा, सेफुलू.

हरिबा खाटेवरून ऐकत होते. "काय गं, कसला मंत्र म्हणतीस?"

"मंत्र न्हाई आबा, आकडं हायती. एक ते धा. सामोआची भाषा हाय. लांब समुद्रात बेटं हायती, तिथली."

"तिथं मेंढरं हायती का?"

अंकितानं विचार केला. "डुकरं असतील. मेंढरांचं काय ऐकलं न्हाई."

"म्हंजी मेंढरांना ही भाषा कळायची न्हाई."  हरिबा उठून बसले. "आन् नजरंलाबी कळायची न्हाई."

बसल्या जागी त्यांनी मार्ग काढला होता! आपल्या बोलीत मोजलं तर घटतं. पण जी बोली इथल्या वाऱ्यालाही ठाऊक नाही, तिच्यात मोजलं तर कुणाला कळणार? अंकिता पोट धरून हसली आणि मग शिकवायला बसली. म्हातारा विद्यार्थी मोठा खट. 'लिमा' म्हणजे पाच आणि हातालाही 'लिमा'च म्हणतात, हे ऐकून खूश झाला. "शाणी माणसं हायती," असं प्रशस्तिपत्रक देऊन टाकलं. 'फितू'वर मात्र अडून बसला. "ह्यो आकडा फितूर वाटतोय. दुसरा न्हाई का?"

"आबा, सात सोडून आठ कसं मोजणार?"

"बरं, घ्या त्यालाबी."

दहाच्या पुढं जायला त्यांनी नकार दिला. सेफुलू झालं की बंडीच्या खिशात एक खडा टाकायचा आणि पुन्हा तासीपासून. पहिल्याच संध्याकाळी मेंढरं हाताखालून गेली आणि दोन खडे होऊन वर इवा आलं. बरोबर होतं. बिरदेव तर मेंढवाड्याचा मोबाईलवर फोटो काढून घरात जाऊन डोकी मोजायचा. फोटो मोजला तर नजर लागत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बापाला हसणारा हाही त्याच वाटेचा. फोटोशीही ताळा जमला. दोन खडे आणि इवा. महिना असाच सुखाचा गेला. हरिबांची पाठ ताठ झाली, जेवण वाढलं, ते मिशीला तेल लावू लागले.

मग एक दिवस हेडफोन बिघडला आणि अंकिता मोबाईलवर मोठ्यानं ऐकत बसली. कुणी तरी सामोआची बाई मोजत होती, जेवायला हाका मारल्यासारखं, सावकाश. तोआतासी, तोआलुआ, तोआतोलू, तोआफा. 'तो' म्हणून घशात जरा अडकायचं आणि मग 'आ'.

हरिबांनी मान वर केली. "ही बाई येगळं म्हणतीया."

"आकडं त्येच हायती आबा. पुढं 'तोआ' लावतात कवा कवा. का लावतात, त्ये मला आजून कळलं न्हाई."

"मला कळलं की. ती बोलवतीया. तो! आ! तो! आ!" त्यांनी घशात अडकवून असं काही म्हटलं, की दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. उभी हयात मेंढरांना ते असंच बोलवत आले होते. "मोजायचं बी आन् बोलवायचं बी. ह्ये ब्येस हाय. आपल्याला ह्येच पायजे."

त्या संध्याकाळपासून ते 'तोआ' लावून मोजू लागले, आणि त्याच संध्याकाळी तीन खडे झाले.

म्हणजे एक जास्त. हरिबांना वाटलं, आपण चुकलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन खडे. शेजारच्या वस्तीवरचं एखादं आलं असेल, म्हणून चौकशी केली. कुणाचं काही चुकलं नव्हतं. सकाळी सोडताना साधे आकडे म्हटले तर दोन खडे आणि इवा, आणि संध्याकाळी पुन्हा तीन खडे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण बिरदेवनं एकदा फाटकापाशी गाडी थांबवून सहज विचारलं, "किती आबा?" आणि म्हातारा बोलून गेला, "तीन खडं."

बिरदेवनं फोटो काढला, डोकी मोजली आणि कपाळाला हात लावला. "एक जास्त? आभाळातनं पडली का? कमी झालेलं कळंना, जास्त झालेलंबी कळंना. आबा, ह्ये काय खरं न्हाई. रविवारी यवतच्या रखमाजी व्यापाऱ्याला बोलावतो. त्येच्या म्होरं मोजून दावा. जमलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई जमलं, तर त्यो गाडी घिऊनच येनार हाय."

अंकिताला आजोबांची कीव आली आणि जरा संशयही. दुसऱ्या दिवशी ती मेंढवाड्याजवळ लाकडाच्या ढिगावर जाऊन बसली. सूर्य उसाआड चालला होता. मेंढरं जात होती, आबा हात फिरवत आकडे म्हणत होते. शेवटची मेंढी आत गेली. तोआइवा. अंकितानं स्वतः पाहिली, तिच्यामागं कुणी नव्हतं. पण आबांचा हात खाली आला नाही. तो तसाच फाटकात पसरलेला राहिला. मेंढीच्या पाठीपेक्षा बराच वर, माणसाच्या खांद्याएवढा. मग तो हात हळूच मागं ढकलला गेल्यासारखा हलला, आणि आबा हलक्या आवाजात म्हणाले, "तोआसेफुलू."

आत मेंढरं दोन्ही बाजूंना सरली. कुणाला तरी वाट द्यावी तशी. कुत्रं भुंकलं नाही. ते शेपूट हलवत होतं आणि त्याची मान फाटकापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत सावकाश वळत गेली.  अंकिता उठली ती थेट घरात, आणि आईला चिकटून बसली.

शनिवारी कामाच्या फोनवर तिनं वैष्णवीला विचारलं. वैष्णवी तिच्या गटाची प्रमुख, पुण्याला बसायची. "मॅडम, ते 'तोआ' कधी लावायचं असतं?"

"अगं, ते फक्त माणसांना. वस्तू, जनावरं मोजताना नुसते आकडे. माणसं मोजायची असली तरच पुढं 'तोआ'. आणि 'तोआलुआ' आला तर जरा जपून हं. त्याचा अर्थ दोन माणसं असाही होतो आणि नवरा किंवा बायको असाही. आपण जोडीदार म्हणतो ना, तसं. हॅलो? अंकिता, आवाज येतोय का?"

आवाज येत होता. अंकितानं मात्र फोन खाली ठेवला होता.

ती तशीच आबांकडं गेली. ते ओट्यावर घोंगडी झटकत होते. तिनं सगळं सांगितलं. ते आकडे मेंढरांचे नव्हेत, माणसांचे आहेत. तुम्ही रोज संध्याकाळी फाटकात उभं राहून माणसं मोजताय, आबा. नुसती मोजत नाही, बोलवताय.

हरिबा दचकले नाहीत. घोंगडी मांडीवर घेऊन म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"शेवटी जी आत जाती, तिच्या अंगाला लोकर न्हाई. कापड लागतं हाताला. वलं असतं, उसातनं दवाचं आल्यावानी. आन् काठ लागतो. लुगड्याचा." त्यांनी बोटानं हवेत रेघ ओढली. "पैल्या दिशी हात वडून घेतला म्या. भ्यालो. मग वळखू आलं."

 अंकिता म्हणाली, "आबा, उद्या साधं आकडं म्हना. तुमच्या पाया पडते. 'तोआ' लावलं तर तीन खडं हुतील, आन् मेंढरं जातील."

"आन् न्हाई लावलं तर ती बाहीर ऱ्हाईल." म्हाताऱ्याचा आवाज फुटला. बायको गेली तेव्हा जे रडले नाहीत, ते हरिबा आता पोरीसमोर लहान लेकरासारखे रडले. "इतकी वर्सं बाहीरच व्हती गं ती. म्याच रोज तिच्या तोंडावर फाटक लावत व्हतो. मेंढरं आत आन् ती बाहीर. उसात. तिथं काय काय फिरतंय, तुला ठावं न्हाई का?"

 पोरगी त्यांच्या शेजारी बसून राहिली. भीतीही होतीच, पण त्या क्षणी तिला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

रविवारी रखमाजी व्यापारी छोटा टेम्पो घेऊनच आला. जाडजूड, हसतमुख माणूस. आल्या आल्या मेंढरांच्या पाठी दाबून पाहू लागला. बिरदेव मोबाईल काढून उभा राहिला. ऊन उतरलं होतं, नदीकडून गार वारं सुटलं होतं. हरिबा फाटकात उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला. अंकिताचा जीव टांगणीला लागला. म्हातारा कुठले आकडे म्हणतो?

"तासी," हरिबा म्हणाले. "लुआ. तोलू."

साधे.  एक खडा पडला, दुसरा पडला. हरिबांचा आवाज कोरडा होता. शेवटची मेंढी त्यांच्या हाताखालून गेली तेव्हा ते म्हणाले, "इवा," आणि त्यांनी हात लगेच खाली घेतला. जणू तापल्या तव्यावरून काढावा तसा.

व्यापाऱ्यानं आपली मान हलवत मोजलं होतं. बिरदेवनं फोटोतली डोकी मोजली. एकही इकडची तिकडं नाही. बिरदेवला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर त्याचाही ऊर हलका झाला. "जमलं आबा. ऱ्हाऊ द्या मेंढरं. चला रखमाजी, तुम्हाला रस्त्यापोत्तर सोडतो, टेम्पो वळवायला जागा न्हाई हितं." दोघं गेले. टेम्पोचा आवाज उसापलीकडं जाऊन बसला.

फाटक अजून उघडंच होतं. कुत्रं त्याच्याशी बसून उसाकडं एकटक बघत होतं आणि बारीक आवाजात कुंईकुंई करत होतं.

"अंके, हिकडं ये. हितं उभी ऱ्हा," हरिबा म्हणाले. "माझ्या जागी."

"का आबा?"

"म्या मेंढरं मोजली. माणसं मोजायची ऱ्हायल्याती." त्यांनी घोंगडी डोक्यावरून घेतली. "म्या बाहीर जातो आन् आत येतो. तू हात पुढं धर आन् मोज. तुझ्या पुण्याच्या बाईनं सांगितल्यावानी, 'तोआ' लावून."

अंकिताला एकदम ध्यानात आलं. मोजलं की घटतं. ही धास्ती तिनं आजवर हसण्यावारी नेली होती. "तुम्हाला कसं मोजू आबा? म्या न्हाई मोजणार."

"माझं आता काय घटायचं ऱ्हायलंय, पोरी?" ते हसले. "मोज. मेंढरांसाठी म्या तिला एकदा बाहीर ठिवली. दुसऱ्यांदा न्हाई ठिवायचो."

ते बाहेर पडले. उसाच्या कडेपर्यंत त्यांची घोंगडी दिसली, मग अंधुक झाली. अंकितानं डोळे मिटून घेतले. उघडे ठेवायचं धाडस नव्हतं म्हणा, किंवा आबांसारखं बघावं असं वाटलं म्हणा. तिनं हात फाटकात पसरला. पावलं आली. ओळखीची, वहाण घासत चालणारी. खरबरीत घोंगडी तिच्या तळव्याखाली आली, तिच्यातून तंबाखूचा आणि लोकरीचा वास आला.

"तोआतासी," ती म्हणाली. 'तो' नंतर घसा आपोआप अडकला.

घोंगडी पुढं सरकली. आत मेंढरं हलली. आता हात खाली घ्यावा आणि फाटक लावावं, असं तिला फार वाटलं. कुत्र्याचं कुंईकुंई थांबलं होतं. तिनं हात तसाच ठेवला.

मग तिच्या बोटांना ओलं कापड लागलं. आजी बारशाला, लग्नाला नेसायची तसलं जाड सुती लुगडं. खांद्यावर काठ होता. तो तिच्या बोटांखालून सावकाश गेला, घाई न करता, दिवसभर चालून दमलेल्या माणसाच्या चालीनं, आणि जाता जाता एक गार हात तिच्या मनगटावर क्षणभर टेकला. लहानपणी ताप आला की आजी असाच हात लावायची.

"तोआलुआ," अंकिता म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तिनं डोळे पुसून फाटक ओढलं आणि कडी घातली. आत कोपऱ्यात मेंढरं गोल करून बसली होती, मधे जागा सोडून, आणि त्या जागेत आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या घोंगडीचा अर्धा पदर शेजारी पसरलेला होता. कुणाच्या तरी अंगावर घालावा तसा, आणि तो जमिनीला टेकलेला नव्हता.

रस्त्याकडून बिरदेवची हाक आली. "अंकिते, लावलं का गं फाटक? न्हाई तर काय तरी ऱ्हाईल बाहीर!"

"लावलं पप्पा," ती म्हणाली. "सगळी आत आली."